भरीव बोरमाळ

अण्णा सराफ गेल्याचं मला पौडच्या स्टँडवर यष्टीच्या कंडक्टरनं सांगितलं, आणि माझा विश्वासच बसला नाही. माझ्या सायकल दुकानात बसून मी इतक्यांच्या खोट्या बातम्या उठवल्यात, की वाटलं, आज कुणीतरी माझीच फिरकी घेतोय. पेठेत गेलो तर पेढीच्या पायऱ्यांवर चपलाच चपला... मग पटलं.

चार पिढ्यांची पेढी. अण्णांच्या आजोबांनी नियम घातला होता, की मोडीत आलेल्या जुन्या दागिन्यांत प्रत्येक तऱ्हेचा एक तरी वितळवायचा नाही. ठुशी, वज्रटीक, वाकी, सगळं एका शिसवी पेटीत. दसऱ्याला पेटी उघडायची आणि अख्खं गाव रांगेनं बघून जायचं. शिवाय, ज्याच्या घरी लग्न असेल त्यानं हवा तो दागिना फुकट न्यावा. मराठ्याचं घर असो नाहीतर तांबोळ्याचं. पेटीची राणी म्हणजे बोरमाळ, बोरांएवढ्या सोन्याच्या मण्यांची. "आजोबांच्या हातची," अण्णा म्हणायचे, "भरीव. आत राईएवढी पोकळ जागा न्हाई." अट एकच. नेताना आणि परत देताना सगळ्यांसमोर तोलायचं.

त्या तोलण्याची नक्कल मी फार करायचो. एक डोळा मिटायचा, श्वास धरायचा आणि म्हणायचं, "वारा घालू नगा, काटा थरथरतोय." एकदा अण्णांनी स्वतःच करायला लावली. गंभीरपणे बघितली आणि म्हणाले, "डोळा डावा मिटतो मी. तू उजवा मिटतोयस."

माझी बहीण शांता भुकूमला दिली तेव्हा तिच्या गळ्यात तीच बोरमाळ होती. वैशाखातलं लग्न, मांडवात नुसती भट्टी. तिसऱ्या दिवशी मी आणि दाजी माळ परत द्यायला गेलो. अण्णांनी तोलली. "बरोबर हाय," म्हणाले. पण ते तोंड मी शंभरदा पाठ केलेलं. काटा थांबायच्या आधीच त्यांनी डोळा उघडला होता. माळेचं पारडं वर होतं.

तिथनं माझ्या डोक्यात किडा शिरला. नव्या जावयासमोर अण्णांनी आपली अब्रू झाकली म्हणायची. म्हणजे सोनं कमी भरलंय. म्हणजे कुणीतरी घेतलंय. माळ तीन दिवस होती कुठं? दाजींच्या घरात.

गणपतीतल्या मेळ्यात पेट्रोमॅक्सच्या उजेडात मी जावयाची नक्कल केली. सासरवाडीहून निघालेला, एक हात सारखा खिशावर, चालताना खिसा खुळखुळतोय. नाव घेतलं नाही, पण गाव काय समजायचं ते समजलं. लोकांची हसून मुरकुंडी वळली. गौरीसाठी आलेली शांता आणि दाजी तिथंच बसले होते. सकाळच्या पहिल्या गाडीनं ते गेले. त्याला चार वर्षं झाली. तिच्या दोन्ही लेकरांची तोंडं मी पाहिलेली नाहीत.

मेळ्याच्या रात्री अण्णा पहिल्या रांगेत होते. नंतर म्हणाले, "ही नक्कल परत करू नगंस."

"का? खोटी हाय व्हय?"

त्यांचं गप्प बसणं मी साक्ष धरलं.

तेराव्यानंतर अण्णांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, भेटायला गेलो. शेगडीजवळ बसून त्या बोरमाळेच्या मण्यात काहीतरी तांबडं, वितळलेलं सोडत होत्या.

"काकू, हे काय?"

"लाख रं. ऊन लागलं की गळतीया मन्यातनं. दर लग्नानंतर आमचे हेच भरायचे, आता मला आलं."

"पण माळ तर भरीव हाय ना?"

काकू एवढ्या दुःखातही हसल्या. "भरीव असती तर नवरीची मान मोडली असती! वरनं पातळ पत्रा, आत लाख. त्यांचे आजोबा एकदा तोऱ्यात बोलून गेले, मग सगळ्यांनी तेच सांगितलं."

म्हणजे शांताच्या मांडवातल्या भट्टीत लाखच गळली होती. "मग अण्णा बोलले का न्हाईत?"

काकूंनी मणी फुंकला. "मेळ्यानंतर आठ दिस जेवन गोड लागलं न्हाई त्यांना. म्हनायचे, सांगितलं तर पेढीचं नाव जातंय, न्हाई सांगितलं तर त्या पोराचं." दुसरा मणी उचलत म्हणाल्या, "पेढीचं राखलं."

अण्णांच्या उदारपणाबद्दल सध्या पुष्कळ लिहून येतंय. येऊ दे. मीही त्यांचं खाल्लंय. पण ते लिहिणं वाचताना हल्ली माझाच एक डोळा आपोआप मिटतो.

भुकूमला गेलो. दाजींनी दारातच सगळं ऐकून घेतलं. "मी घेतलं न्हाई हे मला ठाव होतं," म्हणाले. "तुला कळायला अण्णांना मरावं लागलं." शांतानं पाणी दिलं, पण आत ये म्हणाली नाही. "गावापुढं हसवलंस ना? मग गावापुढंच सांग."

काकूंना विचारलं, हे लिहू का. त्यांनी माळ पेटीत ठेवली. मग म्हणाल्या, "लिही. पर माळ न्यायची बंद करू नगा म्हनावं. नवरीच्या गळ्यात ती अजून तशीच दिसतीया."

म्हणून हे लिहिलं. पौडच्या सराफांची बोरमाळ आतून लाखेची आहे. माझ्या दाजींनी तिच्यातलं काहीही घेतलेलं नाही.