चाचीच्या पुढची घागर

खैरूनचाचींचं नाव आधी घेतो, कारण आज हे लिहायला मी आहे तो त्यांच्यामुळे.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि दुष्काळ हटत नव्हता. उमरीकडच्या आमच्या बौद्ध कुटुंबातला मी पहिला पदवीधर. लातुरात एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. आडनाव ऐकून खोल्या मिळेनात. शेवटी बांगड्या विकणाऱ्या चाचींच्या शेजारी जागा मिळाली. कचेरीत मला सरकारी जावई म्हणत. डबा मी एकटाच खायचो. काही महिन्यांनी तेच टोमणे रिकाम्या खोलीतही ऐकू येऊ लागले. झोप गेली. गल्ली मला येडा म्हणू लागली. रोजची बुद्धवंदना सुटली नव्हती, पण त्रिशरण नुसतं तोंडाने म्हणायचो; शरण जायचं म्हणजे काय, ते कळत नव्हतं.

टँकरसाठी गल्लीत घागरींची रांग लागे. नंबर आला आणि माणूस नसेल, तर मागच्याने त्याला हाक मारून आणायचं. तोवर मागच्यालाही पाणी नाही, असा नियम होता.

एका सकाळी आता जगायचं नाही असं मी ठरवलं. घागर लावलीच नाही, दाराबाहेरच राहू दिली. आतून कडी घालून बसलो. तेवढ्यात चाचींनी दार वाजवलं.

"बाबा, नंबर आलाय तुजा."

मी घागर लावलेली नाही, असं आतूनच सांगितलं.

"लावलेली हाय. माज्या म्होरं. तू आल्याबिगर मला पानी न्हाई. रोजा हाय माजा, लई वेळ उभी नको करूस."

मला वाटलं, आधी म्हातारीला पाणी मिळू दे. कडी काढली. रांगेत सगळ्यांसमोर मला रडू फुटलं. एक जण हसला. चाची त्याला म्हणाल्या, "हसायलास काय? तुजी घागर गळायली, ती बघ."

त्याच दिवशी त्यांनी मला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. उपचार लांबले, गोळ्या अजून चालू आहेत. पण टँकर बंद होईपर्यंत त्या रोज माझी घागर आपल्या पुढे लावत राहिल्या. त्या घागरींचा आणि चाचींच्या बांगड्यांचा आवाज अजून कानात आहे, आणि तो मला हवासा वाटतो. त्यांना त्या सकाळी कुणी पाठवलं, हे मी कधी विचारलं नाही. शरण जाणं म्हणजे आतली कडी आपल्या हाताने काढणं, एवढंच मला समजलं.

मुदखेडला बदली झाल्यावर मी त्यांना पत्र टाकलं. त्यांची नात त्यांना पत्रं वाचून दाखवायची.

"चाचीस सलाम. इथं घरात नळ आहे. रांग नाही, म्हणून करमत नाही. कचेरीत एक नवीन कारकून एकटाच डबा खातो, कुणाशी बोलत नाही. मी रोज त्याच्यापाशी जाऊन सांगतो, तुम्ही आल्याशिवाय मला जेवता येत नाही. चार दिवस तो जेवायला आला नाही. मीही डबा उघडला नाही. काल आला."