रडणाऱ्यांनाच बक्षीस

टीव्हीवर पुरस्कारांचा सोहळा लागला की माझं डोकं फिरतं. मोठं बक्षीस ठरलेलं, मालिकाभर रडलेल्या बाईला. विनोदी मालिकेतल्या बाईचं नाव जाहिरातींच्या आधी घाईघाईनं उरकून टाकतात. रडवायला काय लागतं? हसवून दाखवा म्हणावं.

हसवणं काय असतं ते मी मायकडं बघितलंय. लातूर नवा जिल्हा झाला, वडिलांची बदली झाली आणि आम्ही देगलूरहून इथं आलो तर दुष्काळ. शेजाऱ्यांकडं टीव्ही होता. माय तिथं विनोदी मालिका बघायची आणि दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत सगळी करून दाखवायची. रिकामी घागर कानाला लावली की तिचा टेलिफोन व्हायचा. "हॅलो, कलेक्टर साहेब हाय का?" भांडायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. टँकर आला तरी म्हणायच्या, "थांब, संपू दे की!"

यंदा माय गेली. पुण्यानुमोदनाला आमच्यात लोक उठून दोन शब्द बोलतात. रांगेतल्या त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्यात, त्याही आल्या. एकेक जण माईक धरून हेच म्हणाली, "लई सोसलं बाईनं." घागरीचं नाव कुणीच काढलं नाही.

शेवटी मी उठले. तो टेलिफोन करून दाखवायचाच, असं ठरवून उठले होते. पण "हॅलो" म्हटलं आणि रडूच फुटलं. तशीच खाली बसले तर शेजारची म्हातारी पाठीवर हात फिरवत म्हणाली, "लई चांगलं बोललीस बघ."