गोळीआधीचं तीर्थ

माझे केस गळायला लागले तेव्हा पहिला संशय मी पाण्यावर घेतला. भिसेगावात आमच्या घरी बोअरचं पाणी येतं आणि बादलीच्या तळाला पांढरा थर बसतो. पाण्यानंतर नंबर लागला शॅम्पूचा आणि मग तेलाचा. ज्या दुकानातून लग्न झाल्यापासून खोबरेल आणत होते, त्या दुकानदाराच्या तोंडाकडे मी रोखून बघू लागले, की हा काही मिसळत तर नाही ना. शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, थायरॉइड कमी पडतंय म्हणाले आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक बारीक गोळी लिहून दिली. केस त्यामुळेच विरळ होतायत, गोळी लागू पडली की हळूहळू थांबेल, धीर धरा, असंही सांगितलं. मी मान डोलावली आणि बाहेर पडताच मनात म्हटलं, गळ्यातल्या एवढ्याशा गाठीचा आणि डोक्यावरच्या केसांचा संबंध काय? नक्कीच काहीतरी लपवतायत.

ज्यांचे केस कधी गेले नाहीत त्यांना हे दुःख हसण्यासारखं वाटेल. दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही. पण आरशासमोर उभं राहिलं की भांग रोज थोडा रुंद झालेला दिसतो, दिव्याखाली डोक्याची कातडी चकाकते आणि आपलंच डोकं आपल्याला परकं वाटायला लागतं. माझा अंबाडा चांगला मुठीएवढा होता, त्याची सुपारी झाली. हळदीकुंकवाला जाणं मी बंद केलं. घरात, दारात, बाजारात डोक्यावरून पदर घेऊन वावरू लागले. शेजारणींना वाटलं, बाई फार देवभोळी झाली. मी ते तसंच वाटू दिलं.

देवाचं मात्र मी खरोखरच करत होते. डॉक्टरांवर विश्वास नव्हता म्हणून म्हणा, पण घरच्या गणपतीला मी नवस बोलले होते, की केस गळायचे थांबेपर्यंत रोज पहाटे पंचामृताचा अभिषेक करीन आणि तुझं तीर्थ घेतल्याशिवाय तोंडात काही घालणार नाही. तो नवस मी अगदी काटेकोर पाळला. दूध, दही, तूप, मध, साखर सगळं मोजून मापून. अभिषेक झाला की वाटीभर पंचामृत उरायचं. घरातल्या माणसांना सकाळची घाई, कोणी चमचाभर घ्यायचं, कोणी नुसतं बोट लावायचं. देवाचं ते टाकवत नाही, म्हणून उरलेली वाटी मी पिऊन टाकत असे. मग त्यावर गोळी. गोळीनंतर तासभर चहा नाही म्हणजे नाही. एकदा जावेने चुकून लवकर चहा पुढे केला तर मी तिच्यावर केवढी डाफरले होते. डॉक्टर परक्याला सांगावं तसं सांगतात, पाळायचं आपण, असं माझं मत होतं आणि ते मी पाळतेय याचा मला अभिमान होता.

महिने गेले. गोळीचा डोस वाढला, पुन्हा वाढला. तपासणीत थायरॉइड तिथेच आणि केस फणीत. आता मी देवावरही संशय घेऊ लागले. पिशवीचं दूध त्याला चालत नसावं. नाहीतर नवस बोलताना माझं काही चुकलं असावं. आणि एकदा देवावर संशय घेतल्यावर माणसावर यायला कितीसा वेळ लागतो?

ही माझी धाकटी जाऊ, वंदना. सासूबाई गेल्यावर आम्ही दोघींनीच हे घर चालवलं, एका ओट्यावर, एका गॅसवर. तिचे केस कमरेखाली, काळेभोर, एका वेणीत न मावणारे. आमच्या माहेरी एक शिकवण होती. विंचरल्यावर फणीत राहिलेल्या केसांची गुंतवळ नीट गुंडाळायची, तिच्यावर थुंकायचं आणि कुणाच्या हाती लागणार नाही अशी टाकायची. हाती लागली तर कोण काय करेल सांगता येत नाही. फणीतली गुंतवळ मी तशीच जपून टाकत होते. पण न्हाणीत डोक्यावरून पाणी घेतलं की केसांचा झुपका पायाशी वाहत यायचा आणि तो उचलायचं माझ्याने होत नसे. नंतर उचलू म्हणून बाहेर यायचे. नंतर जावं तर तिथे एकही केस नसायचा. एकदा मी दाराआडून पाहिलं. वंदना न्हाणीतून बाहेर आली, तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती आणि ती इकडेतिकडे बघत मागच्या दाराने गेली.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. माझ्या केसांचं ती काय करते? तिचे वाढतायत आणि माझे जातायत, हे कसं? शिकलेली बाई असा विचार करते का, असं मनात यायचंही, पण ते आलं तसं जायचं आणि ती मिटलेली मूठ तेवढी राहायची. मी नवऱ्याला सांगितलं, वरच्या खोलीत ओटा बांधून घ्या, मला स्वयंपाक वेगळा करायचाय. ते म्हणाले, "अगं, पण वंदनाने केलं काय?" मी म्हटलं, "काही नाही. तुम्हाला नाही कळायचं." ओटा झाला, गॅसची शेगडी आली. संकष्टीला महडच्या गणपतीला जाऊन यायचं आणि दुसऱ्या दिवसापासून वर चूल मांडायची, असं मी ठरवलं. ज्या बाईने माझ्या बाळंतपणात माझं सगळं केलं, तिच्यापासून मी उठून जाणार होते आणि जाताना कारणही सांगणार नव्हते.

संकष्टीला सकाळीच स्कूटरवरून निघालो. स्कूटर मला आवडायची, कारण हेल्मेटखाली डोकं झाकलेलं राहतं. यांना खोपोलीत काम होतं, मला देवळाशी सोडून ते पुढे गेले. दर्शनाच्या रांगेत माझ्या पुढे एक बाई होती. माझ्याच वयाची, अंगाने भरलेली, हातात मोठी पिशवी. मी गाभाऱ्यात गेले, हात जोडले, पण मन लागेना. बाहेर तीर्थ वाटत होते. त्या बाईने हात पुढे केला, तळव्यावर तीर्थ घेतलं, डोळ्यांना लावलं आणि प्यायलीच नाही. तळवा तसाच सांभाळत ती बाजूला सरकली.

मी चमकले. देवाचं तीर्थ हातात घेऊन न पिणारी बाई मी कधी पाहिली नव्हती. ही घेऊन चालली कुठे? कशासाठी? माझ्या वाट्याचं तीर्थ घ्यायचं विसरून मी तिच्या मागे गेले. खांबाशी थांबून तिने दुसरा हात पिशवीत घातला. मला वाटलं, आलं लक्षात, आता ही केसांच्या तेलाची बाटली काढणार आणि गळ्यात मारणार. तिने खरंच बाटली काढली. औषधाची रिकामी, धुतलेली. तळव्यावरचं तीर्थ तिने त्यात अलगद ओतलं आणि झाकण लावलं.

"तीर्थ प्यायचं असतं," मी म्हटलं. आवाज जरा कडकच आला असणार.

ती माझ्याकडे बघून हसली. "कवाची बघतीस गं बाय माज्याकडं. पिनार हाय ना. घरी जाऊन पिनार."

"घरी का?"

"थायरॉइडची गोळी घेतली आत्ताच, रिक्षात. तिच्यावर तासभर दूध नाय चालत. डाक्टर लय वरडलेत मला. मी रोज गोळीसंगं दुधाचा चहा प्यायची ना."

"पण हे तीर्थ आहे," मी म्हटलं. "तीर्थाने उपास मोडत नाही."

"उपास नाय मोडत," ती म्हणाली. "पर दूध-दही हाय की नाय त्यात? देव घटकाभर थांबतो गं. गोळी नाय थांबत."

मी खांबाला टेकले. माझी रोजची वाटी माझ्या डोळ्यांपुढे आली. घोटभर नव्हे, अख्खी वाटी, दुधादह्याची, आणि लगेच तिच्यावर ती बारीक गोळी. डॉक्टरांनी उपाशीपोटी म्हटलं होतं आणि मी उपाशीच होते, माझ्या हिशेबाने. तीर्थ म्हणजे खाणं नव्हे, हे मी लहानपणापासून इतकं पक्कं धरून होते की डॉक्टरांना ते सांगायचं असतं हेच मला सुचलं नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं. एका परक्या बाईला, देवळात, उभ्या उभ्या.

ती हसली नाही. म्हणाली, "मंग देव तरी काय करनार? तूच रोज गोळीवर दूध वततीस आन त्याला म्हनतीस, गुन दे." मग तिने स्वतःचा पदर मागे केला. भांगाच्या दोन्ही बाजूंना बारीक, आखूड, नवे केस उभे होते. "येतात गं. येळ लागतो. जा, डाक्टरला इचार." ती पोशीरची, घरी भाताची शेती, एवढंच बोलता बोलता कळलं. तिच्या सुना हाका मारत आल्या आणि ती गेली. नाव विचारायचं राहिलं.

मी पुन्हा रांगेत उभी राहिले आणि देवासमोर आले. मगाशी त्याच्यासमोर उभी असताना माझं लक्ष पुढच्या बाईवर होतं, हे मला तेव्हा जाणवलं. मला वाटायचं, माझा हा संशयी स्वभाव देवाच्या आणि माझ्या आड येतो. आणि त्याने तर त्याच स्वभावाचं बोट धरून मला खांबापर्यंत नेलं होतं. कुणी श्रद्धाळू बाई असती तर तिने तीर्थ घेतलं असतं, डोळे मिटले असते आणि घरी जाऊन पुन्हा वाटीभर पंचामृत प्यायली असती. याला योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. मला तिथे रडू आलं, एवढं मात्र खरं.

यांचं काम लवकर आटोपलं, आम्ही वेळेआधीच घरी आलो. मी हातपाय धुवायला म्हणून न्हाणीकडे गेले तर वंदना तिथे मोरीपाशी उकिडवी बसलेली. हातात वाकवलेली तार, आणि त्या तारेने ती मोरीच्या जाळीतून केस ओढून काढत होती. माझे केस, ओले, साबणाने चिकटलेले. मला बघताच तिने ते मुठीत लपवले.

"काय करतेस गं?"

"काही नाही, ताई. मोरी तुंबते."

"मग मला नाही का सांगायचं?"

तिने तार पुन्हा जाळीत घातली. मग म्हणाली, "काय सांगणार? आधीच डोक्यावर पदर घेऊन फिरता. तुमचे केस मी तुम्हालाच आणून दाखवू का?" आणि मग तिला रडू फुटलं. "उद्यापासून वर जाताय ना? जा. पण माझं काय चुकलं, तेवढं सांगून जा."

मी तिच्या हातातली तार घेतली आणि तिच्या शेजारी बसले. मोरी आम्ही दोघींनी मिळून साफ केली. वरच्या ओट्यावर आता धान्याचे डबे असतात. मला काय वाटलं होतं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही, सांगवत नाही. तिला कळलं असावं असा मला संशय आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना वाटीची गोष्ट सांगितली. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, दूध म्हणजे दूध. देवापुढून आलं म्हणून काय त्याचं पाणी होतं?" या वेळी त्यांनी डोस वाढवला नाही. काही महिन्यांनी तपासणी नीट आली, मग केसांचं गळणंही कमी झालं. पूर्वीसारखे झाले असं मी म्हणणार नाही. भांग अजून रुंद आहे आणि दिव्याखाली मी अजूनही उभी राहत नाही.

नवसाचं शब्दशः पाळणं मी सोडलं. त्याची भीती वाटली होती, पण देवासमोर बसून सरळ सांगितलं, की आधी गोळी आणि मग तू. आता उठले की पाण्यासोबत गोळी घेते, मग अभिषेक करते, आणि तीर्थाची वाटी पुढ्यात ठेवून तास जाईपर्यंत बसून राहते. पूर्वी त्या वेळात माझं मागणं चालायचं. आता मागून झालेलं असतं, गोळी पोटात गेलेली असते, माझ्या हातात काही उरलेलं नसतं. मी आयुष्यभर सगळ्यांच्या हातांकडे बघत आले, कोण काय देतंय आणि कोण काय लपवतंय म्हणून. स्वतःचे हात रिकामे ठेवून बसणं मला या वयात शिकावं लागलं. पोशीर इथून लांब नाही, त्या बाईला शोधायला निघाले असते तर सापडलीही असती. पण मी चौकशी केली नाही. एवढी एक गोष्ट तरी तपासून न बघता ठेवावी असं वाटलं. ती जिथे असेल तिथे देवाने तिला सुखात ठेवावं.

परवा अशीच देवासमोर बसले होते. वंदना मागून आली आणि म्हणाली, "ताई, बसलाच आहात तर विंचरून देते." इतक्या दिवसांत माझ्या डोक्याला मी कुणाला हात लावू दिला नव्हता. मी पदर खाली घेतला आणि तिच्याकडे पाठ करून बसले. ती हलक्या हाताने विंचरत राहिली, कुठे विरळ आहे, कुठे नवे आलेत, काही बोलली नाही. वेणी घालून झाल्यावर फणीतले केस तिने काढले, बोटाभोवती गुंडाळले आणि उठली. तिची पावलं मागच्या दाराकडे गेली. मी गणपतीकडे बघत राहिले, मागे वळून पाहिलं नाही.