उद्धवरावांनी नीट केलेली दरड

उद्धवराव नीटनेटके होते असं म्हणणं म्हणजे मिरची जराशी तिखट असते म्हणण्यासारखं आहे. चाकणच्या कंपनीत ते सुपरवायझर होते, तेव्हा त्यांच्या लाइनवरचा पाना बोटभरही जागचा हललेला कुणी पाहिला नाही. जमिनीवर पिवळे पट्टे, प्रत्येक वस्तूला घर, आणि वस्तू आपापल्या घरात. निवृत्त होऊन कुरुळीत घरी बसले, तर आठवड्याच्या आत स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लेबलं चिकटली. मंजुळाबाईंनी हळदीच्या डब्यात मोहरी ओतून त्या घरात राज्य कुणाचं ते दाखवून दिलं.

मग हात चालवायला उरली नदी.

मंजुळाबाई मूळच्या धाराशिवकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि नवऱ्याच्या शिफ्टप्रमाणे डबे भरण्यात उमर गेली. तो निवृत्त झाला तेव्हा त्यांनी एकच मागणं मागितलं, रोज संध्याकाळी इंद्रायणीवर न्यायचं. पाण्यावर कधी फेस असे, कधी जलपर्णी. तरी गावातल्या ज्योतीरामच्या शेताच्या कडेला, वळणावर, पोयट्याची एक उंच उभी दरड होती आणि तिच्यात वेड्या राघूंची बिळं होती. हिरवेगार पक्षी, चिमणीहून थोडे थोराड, शेपटीतून दाभणासारखी काडी निघालेली. उडती मधमाशी हवेतच धरायची, फांदीवर आणून आपटायची आणि गिळायची. मंजुळाबाई त्यांच्याशी माहेरच्या माणसासारखं बोलत. "आला का बाबा? लेकरं बरी हायत का?" उद्धवरावांना पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बायकोचा चेहरा त्या वेळी कसा खुलतो ते कळत होतं, आणि तेवढ्यासाठी ते रोज स्कूटर काढत.

एका हिवाळ्यात मंजुळाबाई लेकीच्या, वर्षालीच्या, बाळंतपणाला तळेगावात राहिल्या. त्या घरी असत्या तर पुढचं घडलंच नसतं. परत येतील तेव्हा त्यांना चकित करावं म्हणून उद्धवरावांनी ज्योतीरामला विचारलं, "जागा जरा नीट करू का?"

"करा की," ज्योतीराम म्हणाला. "नदी काय माझ्या बाची न्हाई."

सुरुवात झकास झाली. प्लॅस्टिक, थर्माकोल, फुटक्या तसबिरी पोत्यांनी उचलल्या. तिथंच थांबले असते तर गावानं शाल-श्रीफळ दिलं असतं. पण हात शिवशिवत होते. त्यांनी वाळकी बाभूळ तोडली, लोंबणारी मुळं छाटली, बिळांखाली साचलेली माती झाडून काढली. शेवटी ती उभी दरडच वेडीवाकडी दिसते म्हणून फावड्यानं तिला छान उतार दिला, पाणी मारून चोपली, वर हरळी लावली आणि पायथ्याशी दगड मांडून त्यांना पिवळा रंग दिला. कंपनीतले जुने लोक बघायला आले. "सर, ऑडिटला शंभरपैकी शंभर," म्हणाले. उद्धवराव आठवडाभर हवेत होते.

होळीच्या सुमारास मंजुळाबाई परतल्या. राघूही आले होते. उतारासमोर घिरट्या घालायचे, बसायला फांदी शोधायचे, विजेच्या तारेवर जायचे, पुन्हा यायचे. काही दिवसांनी ते दिसेनासे झाले.

"ह्यांचं घर कुठं गेलं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"नीट केलं," उद्धवराव म्हणाले, आणि म्हणताक्षणीच आपण काय करून बसलो ते त्यांना उमगलं. उभ्या दरडीवर मांजर-मुंगूस चढू शकत नाही, म्हणून तर पाखरं तिथं बीळ करतात. चोपलेल्या उतारावर कोण बिऱ्हाड करणार?

मंजुळाबाई रागावल्या असत्या तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या नुसत्या म्हणाल्या, "आज नको. कंटाळा आलाय." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच.

मग त्यांनी पहार घेतली आणि स्वतःच भोकं पाडली. सुतळी ताणून, एका रेषेत, सारख्या अंतरावर. राघू एकही फिरकला नाही. एका भोकात सरडा राहायला आला.

बांधावरून ज्योतीराम हसला. "उद्धवराव, बीळ पाडायचं काम पाखरांचं, दरड कापायचं काम नदीचं. तुमचं हितं कायबी काम न्हाई. पावसाळा जाऊ द्या, हात तेवढा लावू नका."

काहीच न करण्याचं काम उद्धवरावांना जन्मात कुणी दिलं नव्हतं. त्यांनी जुन्या पेटीतून एक लाल पाटी शोधून काढली. कंपनीत मशीन दुरुस्तीला उघडलं की कुणी चुकून बटण दाबू नये म्हणून ती लटकवत. 'काम चालू आहे. हात लावू नये.' ती त्यांनी दरडीजवळच्या करंजाला बांधली आणि मंजुळाबाईंना आग्रह करून दाखवायला नेलं.

"कुणासाठी ही?"

"माझ्यासाठी."

मंजुळाबाई किती तरी दिवसांनी हसल्या.

श्रावणात पूर आला. पिवळे दगड गेले, हरळी गेली, तो देखणा उतार ढेकळाढेकळानं नदीत कोसळला. उद्धवराव छत्री धरून बघत राहिले. हात शिवशिवले की पाटी वाचायचे. पाणी ओसरलं तेव्हा दरड पुन्हा उभी होती, उघडी आणि वाकडी, आणि समोरच्या चिखलात वाहून आलेली एक वाळकी फांदी रुतून बसली होती. झुडपांना अडकलेल्या चिंध्या त्यांनी काढल्या, चिंध्या काही कुणाचं घर नव्हे. फांदी मात्र राहू दिली.

पुढच्या होळीनंतर दोघं रोज जाऊन दरडीच्या पायथ्याशी बसू लागले. बऱ्याच संध्याकाळी कुणी आलं नाही. मंजुळाबाई रिकाम्या फांदीकडे बघत बसायच्या आणि उद्धवरावांना त्यांच्याकडे बघवत नसे. मग एके दिवशी त्या फांदीवर एक राघू उतरला, चोचीतली माशी त्यानं दोनदा आपटली. दुसरा दरडीला लोंबकळून पायांनी माती मागं उडवत होता. ती माती उद्धवरावांच्या पायांशी येऊन पडत होती.

"आला का बाबा?" मंजुळाबाईंनी विचारलं आणि डोळ्यांना पदर लावला. आपल्या हातून मोडलेलं काही परत मिळावं, याहून मोठं सुख उद्धवरावांना माहीत नव्हतं.

ते उठून उभे राहिले. "झालं एकदाचं. आता पाटी काढून टाकतो."

मंजुळाबाईंनी खाली बघितलं. बोलता बोलता उद्धवरावांचा बूट ती पडलेली माती सारून सरळ रेषेत लावत होता.

"राहू द्या पाटी," त्या म्हणाल्या. "काम चालू हाय अजून."