आठे नको, तठे

वसंताने मला शेवटचं जे सांगितलं ते ‘नको’. मी एरंडोलहून येताना पेरू घेतले होते आणि पिशवी तशीच हातात धरून जळगावच्या त्याच्या घरी गेलो. आतल्या खोलीत तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. मला बघून त्याने पंजा वर केला, म्हणाला, “आत नको,” आणि तोंड खिडकीकडे वळवलं. पिशवी उंबऱ्याशी ठेवून मी निघालो. पुढच्याच आठवड्यात माझा तास चालू असताना कॉलेजचा शिपाई वर्गाच्या दाराशी आला, आणि त्याचा चेहरा बघूनच मी खडू खाली ठेवला. वसंता जाऊन आता दीडेक महिना होईल. छातीचा आजार होता, तेव्हा संसर्गाची भीती असेल... खंगलेलं अंग दाखवायचं नसेल... की इतक्या वर्षांनी माझा कंटाळाच आला होता? एकही कारण धड बसत नाही, आणि मलाही कुठे धड बसवत नाही.

ऐंशीच्या सुमारास आम्ही एकाच कॉलेजात लागलो, तो प्राणिशास्त्राला, मी मराठीला. लग्न त्याने केलं नाही. घरात तो आणि त्याची आई, जिला सगळं गाव अक्का म्हणे. अक्का दोंडाईचाकडची, गळ्यात तुळशीची माळ, बोली अस्सल खान्देशी. आणि लेकाचा विषय कोणता, तर कोंबडीच्या अंड्यातला गर्भ! लाकडी खोक्यात बल्ब लावून त्याने अंडी उबवायची सोय केली होती. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची वीज बंद राहायची, म्हणून एका वर्षी ते खोकं त्याने घरी आणलं. अक्का दारात आडवी. “मना घरमा अंडं नको!” हा आपला समजावतोय, “खायला नाही गं, बघायला.” शेवटी खोकं ओसरीवर राहिलं. भुसावळला वीज तयार होते आणि दिवे आमचे जातात. ते गेले की वसंता खोक्यावर गोधडी टाकायला धावे. मग एका दुपारी कवचाला पाडलेल्या बारीक खिडकीतून त्याने अक्काला आतला तांबडा ठिपका धडधडताना दाखवला. ती कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. त्यानंतर वीज गेली की गोधडी अक्काच टाकू लागली आणि खोकं आतल्या खोलीत आलं.

वसंताला वेड एकाच प्रश्नाचं. गर्भात मज्जातंतू वाढत वाढत लांब जातात, ते वाट कशी शोधतात? पोचायच्या जागेवरून कुणीतरी त्यांना बोलावत असेल, असं आपल्याला वाटतं. तो म्हणे, बोलावणं असेलही, पण अडवणंही तितकंच असतं. चहाच्या पेल्यांमधून तो टेबलावर पंजा पसरून पुढे सरकवी. हे तंतूचं टोक, चाचपत चाललेलं. मग एकदम मूठ आवळी. “गर्भात कण्याच्या दोन्ही अंगांना ठोकळ्यांची रांग असते. प्रत्येक ठोकळ्याचा मागचा अर्धा भाग म्हणतो, नको. पुढचा अर्धा वाट देतो. तंतू तिथूनच जातो. म्हणून तर नसा अशा वेगवेगळ्या निघतात, नाहीतर सगळा गुंता झाला असता.” मेथी निवडता निवडता अक्काने हे ऐकलं आणि सगळेच अडवतात म्हटल्यावर त्या तंतूच्या काळजीने विचारलं, “बठ्ठाच नको म्हनतस, मंग तो जाई कठे?”

त्याला यावर मुलांसाठी मराठीत छोटं पुस्तक लिहायचं होतं. मी त्याला ‘प्रतिकर्षण’ असा भारदस्त शब्द दिला. “हा ऐकून तंतूच काय, माझी पोरंसुद्धा पळतील,” तो म्हणाला. “सरळ ‘नको’ लिहू.” शास्त्राच्या पुस्तकात ‘नको’? मी काही ऐकेना, तोही हटेना. हे भांडण आम्ही दहाएक वर्षं पुरवून पुरवून भांडलो आणि पुस्तक राहिलं ते राहिलंच. नव्वदनंतर कधीतरी, ज्याच्या स्पर्शाने तंतूचं टोक आक्रसतं असं एक प्रथिन परदेशात हाती लागलं, तेव्हा हा पठ्ठ्या झेरॉक्स फडकवत माझ्या भर तासात घुसला. “अरे प्रभाकर, ‘नको’ सापडला!” पोरं खो खो हसली. संध्याकाळी मात्र तो शांतपणे म्हणाला, “त्यात राग नसतो रे. तो तंतू त्या जागेचा नसतो, एवढंच.”

हेच वाक्य आता मला छळतं. राग नव्हता, ठीक. पण मग मी त्या जागेचा नव्हतो का? पंधरा वर्षं त्या घरात चहा प्यालो, तो कोण म्हणून?

परवा राहवेना म्हणून गेलो. दार उघडं होतं, पण आत पाऊल टाकवेना. पिशवी ठेवली होती तिथेच, उंबऱ्याशी टेकलो. अक्का भिंतीला धरत बाहेर आली. खूप थकली आहे. माझ्याकडे बघून म्हणाली, “आठे नको, भाऊ.”

म्हणजे इथेही नकोच. मी उठलो आणि चपला शोधू लागलो. तेवढ्यात तिने माझं मनगट पकडलं, आतल्या खोलीत नेलं आणि वसंताच्या खाटेवर हात आपटला. “तठे बस.”

बसलो. खाटेशेजारी ते खोकं तसंच होतं, आत बल्ब जळत होता. अंडी कुठली, थंडीत दही लागत नाही म्हणून अक्काने विरजणाचं पातेलं ठेवलं होतं. तेवढ्यात वीज गेली. अक्का भिंतीला धरून उठायच्या आत मी खाटेवरची गोधडी ओढली आणि खोक्यावर टाकली.