एक मिनिट चालू ठेवा

आमच्या घरात देवापेक्षा बटणांना जास्त हात लागायचे. खोलीतून बाहेर पडताना वडील दिवा बंद करत, आणि आत कुणी वाचत बसलेलं असलं तरी करत. "बंद कर" हे मी लहानपणी सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य. नळ बंद कर, पंखा बंद कर, ऐकत नसशील तर रेडिओ बंद कर. साताऱ्याहून वसईत, माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला येताना मी वडिलांच्या वस्तू फारशा आणल्या नाहीत, पण ही सवय तेवढी अख्खी उचलून आणली. बायको सगळ्यांना सांगते की मी चालू फ्रिज दोनदा बंद केलाय. एकदाच केलाय.

अशा माणसाने स्पोर्ट्स कार घ्यावी हा विनोदच होता. पण बारा वर्षांपूर्वी मी नोकरीतून लवकर बाहेर पडलो आणि आयुष्यात एकदाच डोकं बाजूला ठेवून एक लाल, जुनी, दोनच माणसं मावतील अशी जपानी गाडी घेतली. कुणा हौशी माणसाने ती परदेशातून आणवली होती आणि मग त्याची हौस फिटली होती. "अहो, दोनच सीट? मग भाजीची पिशवी कुठे ठेवायची?" एवढंच बायको म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

या गाडीला टर्बो होता. शंखासारख्या लोखंडी घरात एका दांड्यावर दोन छोटे पंखे असतात. एक पंखा इंजिनाच्या धुराने फिरतो, आणि त्याच्या जोरावर दुसरा इंजिनात जादा हवा कोंबतो. वेग घेताना त्यातून एक बारीक, चढत जाणारी शिट्टी ऐकू येते. त्या शिट्टीसाठी मी ती गाडी घेतली, हे मी आजवर कुणाला कबूल केलेलं नाही.

गाडी सांभाळायला मला जवळच्याच पापडी गावचे मिस्त्री भेटले. चर्चच्या मागच्या गल्लीत, स्वतःच्या घराच्या आवारात, चिंचेखाली त्यांचं गॅरेज. मी पहिल्यांदा गाडी तिथे नेली तेव्हा त्यांची मुलगी शाळेच्या गणवेशात पायरीवर बसून पेरू खात होती. गाडी आत वळवताना मी जरा जास्त जोर दिला आणि ती पेरू टाकून उठली. "डॅडी, गाडी शिट्टी मारते!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अंकल, माझ्या लग्नाला मी याच गाडीत बसून देवळात जाणार." वसईतले हे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. मी म्हटलं, "नक्की. मी स्वतः घेऊन जाईन." दहा-बारा वर्षांच्या मुलीला शब्द द्यायला काय जातं?

त्याच दिवशी मिस्त्रींनी मला एक गोष्ट बजावली होती. "साहेब, जोरात पळवून आणली की लगेच चावी फिरवायची नाही. एक मिनिट नुसती चालू ठेवायची. आतला पंखा लालबुंद तापलेला असतो, तेलाने त्याला थंड होऊ द्या. लगेच बंद केली की तेल जागच्या जागी जळतं."

मी मान डोलावली. आणि घरी येऊन काय केलं, तर सोसायटीच्या गेटमध्येच इंजिन बंद केलं आणि उरलेल्या वेगावर गाडी थेट माझ्या जागेवर नेऊन उभी केली. चार थेंब पेट्रोल वाचलं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की पुढे बारा वर्षं मी रोज तेच केलं. सिग्नलला बंद, फाटकाला बंद, भाजीवाल्यापुढे बंद. एक मिनिट नुसतं उभं राहून पेट्रोल जाळायचं, हे माझ्या रक्तातच बसत नव्हतं.

यंदा मिस्त्रींच्या मुलीचं लग्न ठरलं. ती आता शाळेत गणित शिकवते. मुलगा विरारचा. लोक मुली सातासमुद्रापार पाठवतात, हिची सासरवाट रेल्वेने दोन स्टेशनांची, तरी मिस्त्री साखरपुड्यापासूनच घसा खाकरत फिरत होते. ईस्टर होऊन गेल्यावरचा शनिवार ठरला, चर्चमध्ये लग्नाचा पुकारा झाला, आणि पत्रिका द्यायला आली तेव्हा तिने मला दारातच विचारलं, "अंकल, गाडी?"

"तयार आहे," मी म्हणालो. त्यासाठी मी नवा कोटही शिवायला टाकला होता.

लग्नाला सोळा दिवस उरले असताना हायवेवरून परत येताना शिट्टीचा सूर बदलला. रिकाम्या मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखा आवाज आला, गाडीतला जोर गेला, आणि सोसायटीत शिरेपर्यंत मागे निळसर पांढऱ्या धुराचा लोट उठला. वॉचमनला वाटलं महापालिकेचे डासांवर धूर मारणारे आले. त्याने शिट्टी वाजवून सगळ्यांना खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर खाली ओरडून विचारलं, "आज पुरेसा मारताय ना? मागच्या वेळी एकही डास मेला नाही!"

गाडी ओढत पापडीला नेली. आवारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. मिस्त्रींनी टर्बो उतरवला, दांडा दोन बोटांत धरून हलवला, आणि तो दुधाच्या दातासारखा डुगडुगला. तेल आणणारी नळी त्यांनी माझ्यासमोर धरली. आत करपलेल्या कढईच्या तळासारखा काळा, टणक थर. सुईसुद्धा जाईना.

"साहेब, तुम्ही गाडी आणून लगेच बंद करता का?"

"छे!" मी म्हणालो. "मिनिटभर थांबतो. कधी दीड."

खोटं बोलताना माणसाने आकडा वाढवू नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.  माझ्यावर विश्वास ठेवून मिस्त्रींनी उलट इंजिनच्या तेलाला दोष दिला, आणि मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की त्यांच्या बायकोने दिलेला चहाही गोड लागेना.

पंधरवड्यात त्या जुन्या गाडीचा टर्बो मिळणं म्हणजे कठीणच. माझ्या बायकोने शहाण्यासारखं सुचवलं की भाड्याने छान पांढरी गाडी मिळते, फुलंबिलं लावून. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "वहिनी, सबंध पापडीच्या गाड्या मी नीट केल्या. माझी पोर भाड्याच्या गाडीत देवळात जाणार?" मुलगी मात्र म्हणाली, "डॅडी, नसेल तर नसू दे. मी रिक्षाने जाईन." ते ऐकून ते आणखी पेटले. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तसेच बसवून ते मुंबईला जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला टर्बो तान्हं मूल धरावं तसा धरून आले. जुनाच, पण नवा दांडा घालून नीट केलेला.

लग्नाला चार दिवस असताना आम्ही तो बसवला. आम्ही म्हणजे त्यांनी. मी बॅटरीचा उजेड धरला. नळी त्यांनी नवीच घातली. मग टर्बोमध्ये माझ्या हाताने थोडं तेल ओतवून घेतलं आणि सुरू होऊ न देता इंजिन नुसतं फिरवलं, म्हणजे पंखा कोरडा धावणार नाही. शेवटी गाडी सुरू केली तर पुन्हा धूर!  "उरलंसुरलं जुनं तेल जळतंय, घाबरू नका," मिस्त्री म्हणाले. पाच-सात मिनिटांत धूर विरळ झाला, मग थांबला. मुलगी केसांना कसलंसं तेल चोपडून, डोक्याला टॉवेल बांधून बाहेर आली. मांडव घालणारेही बांबूवरून खाली उतरले.

"एक चक्कर मारून या," मिस्त्री मला म्हणाले.

मी मारली. रस्ता मोकळा मिळाला, पाय दाबला, आणि ती शिट्टी वर चढली. मी एकटाच गाडीत मोठ्याने हसलो. साठी जवळ आलेला माणूस, पण खरंच हसलो. त्याच आनंदात सुसाट परत आलो, आवारात वळलो, ब्रेक लावला, आणि माझा उजवा हात, मला न विचारता, चावीकडे गेला.

खट्. बंद.

 मिस्त्री माझ्या हाताकडे बघत होते. मीही माझ्या हाताकडेच बघत होतो.

"अंकल!" मुलगी म्हणाली. वर्गात कॉपी सापडल्यावर ती असंच म्हणत असणार.

मी झटकन पुन्हा चालू केली. पण आता काय उपयोग? खाली उतरलो आणि सगळं सांगून टाकलं. गेट, उरलेला वेग, चार थेंब, फाटक, भाजीवाला, सगळं. मिस्त्रींचा चेहरा आधी लाल झाला. "बारा वर्षं! साहेब, बारा वर्षं!" एवढंच ते म्हणत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते चिंचेला टेकून इतके हसले की त्यांना खोकला आला. हसणं थांबल्यावर त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. "चावी द्या. लग्नाच्या दिवशी गाडी मी चालवणार. तुमच्या हातावर माझा भरवसा नाही."

नव्या कोटाचं काय, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही; गाडी बंद करून चावी दिली.

लग्नाच्या दिवशी दुपारी गाडीच्या नाकावर निर्मळ गावाहून आलेल्या फुलांची माळ होती. चर्चपर्यंत बँड पुढे आणि गाडी मागे, चालीच्या वेगाने, असं ठरलं होतं. पण मुलगी पांढऱ्या झग्याचा ढीग आत कोंबून बसली आणि म्हणाली, "अशी मुंगीसारखी नेली तर शिट्टी कुठे वाजणार?" मिस्त्रींनी घड्याळ बघितलं, बँडवाल्यांना सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, आणि गाडी उलट्या दिशेला, निर्मळच्या रस्त्याला वळवली. केळीच्या बागांमधून ती शिट्टी लांब जाईपर्यंत आम्हाला ऐकू येत होती. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि नवरीला न्यायला आलेले नवरदेवाचे मामा विचारत होते की नवरी कुठे गेली.

आम्ही चर्चच्या आवारात पोहोचलो. फादर दारात उभे, नवरदेव घामाघूम. वीस-पंचवीस मिनिटांनी लाल गाडी भरधाव आली आणि पायऱ्यांसमोर थांबली. बँडने जोरात सुरुवात केली. सगळे पुढे सरकले.

दार उघडेना. इंजिन चालूच.

"बंद पडली का हो?" बायकोने विचारलं.

"चालू आहे," मी म्हणालो. पळवून आणलेली गाडी. एक मिनिट.

काचेतून ते दोघं दिसत होते. मिस्त्री सुटाबुटात, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत. ती त्यांच्याकडे बघत होती. तिने त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हटलं असावं, कारण ते हसले, आणि मग त्यांनी सुटाच्या खिशातून गॅरेजचं मळकं फडकं काढून डोळे पुसले. तिने ते फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतःचेही पुसले. मिनिट संपलं. मी घड्याळात बघत होतो. दुसरंही संपलं. मिस्त्रींचा हात चावीकडे गेला नाही.

नवरदेवाचे मामा घाईला आले होते. "अहो, किती वेळ? कुणीतरी सांगा त्यांना, बंद करा म्हणावं आता," असं म्हणत ते गाडीकडे निघाले. मी त्यांचा दंड धरला.

"थांबा," मी म्हणालो. "अजून गरम आहे. असू दे चालू."