तोकिएबाईंचा काळा याक्को

ताकासाकीच्या स्टेशनामागे आमच्या गल्लीत टोफूचं एकच दुकान उरलंय, आणि तेही उरलंय तोकिएबाईंच्या हट्टापायी. लोक म्हणतात नशीब. कसलं डोंबलाचं नशीब! मी डोळ्यांनी बघितलंय सगळं.

सुपरमार्केटात टोफू पाण्याच्या भावात मिळायला लागला आणि गल्लीतल्या बायका बाईंची नजर चुकवून पलीकडच्या रस्त्याने जायला लागल्या. तोकिएबाईंचे यजमान गिंझो भला माणूस, पण धीराला कच्चा. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "व्हॅलेंटाइनचा चॉकलेट-मेळा झाला की शटर खाली. जुनी यंत्रं घेणाऱ्याला मी सांगून ठेवलंय."

"सांगा की," बाई म्हणाल्या. "आधी मला उचल म्हणावं, मग यंत्राला हात लाव."

बाईंनी घट्ट सोयादुधात चॉकलेट घोटून एक मऊसूत वडी जमवली होती. टोफूसारखीच चौकोनी कापायची, वरून कोकोची पूड भुरभुरायची. सासूबाईंना दूध पचायचं नाही, बाईंनाही नाही, गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या पोटात तर दुधाचं नाव काढलं तरी गुडगुड. म्हणून हा सगळा खटाटोप. टोफूच्या परवान्यावर मिठाई विकता येत नाही हे कळल्यावर बाईंनी मागच्या खोलीत भिंत घातली, वेगळी मोरी केली आणि आरोग्य खात्याकडे खेटे घालून दुसरा परवाना पदरात पाडून घेतला. मग गावातल्या बड्या दुकानाने तळघरातल्या खाद्यबाजारात मेळ्यापुरता एक कोपरा दिला. माल उठला तर कोपरा कायमचा, नाही तर सायोनारा. टोफूच्या दुकानाचं पुढे काय व्हायचं ते या कोपऱ्यावर ठरणार होतं.

मेळा तोंडावर आला तसे त्या बड्या दुकानाचे तपासनीस निरासावा घरी आले. पोरगेलेसे, सभ्य, पण नियमाला पक्के. डब्यावरची चिठ्ठी वाचून त्यांचा चेहराच उतरला. चिठ्ठीवर होतं, 'टोफूचं नामा-चोको'.

"मालकीणबाई, 'नामा' काढावं लागेल."

"का हो? नामा म्हणजे कच्चं, ताजं. माझं काय शिळं आहे?"

"ताजं आहे, मान्य. पण चॉकलेटच्या धंद्यात 'नामा' म्हणायचं तर त्यात ठरल्याइतकी क्रीम लागते. तुमच्यात थेंबही नाही."

"अहो, आम्ही टोफूवाले तळलेल्या टोफूलासुद्धा नामा-आगे म्हणतो! उकळत्या तेलातून काढलेला, तरी नामा. आजवर मला कुणी बेड्या घातल्या नाहीत."

निरासावा पोट धरून हसले. हसून झाल्यावर मात्र म्हणाले, "टोफूवाल्यांचा नामा वेगळा आणि चॉकलेटवाल्यांचा वेगळा. कुणी तक्रार केली तर भर मेळ्यात माल उचलावा लागेल. त्यापेक्षा थोडी क्रीम घाला ना, अजून वेळ आहे."

"घाल की," कोपऱ्यातून गिंझो म्हणाले. "आपलं काय जातंय?"

बाई भडकल्याच. "क्रीम घालून सगळेच करतात. मग माझंच कुणी कशाला घेईल? शब्द काढा. क्रीम घालणार नाही म्हणजे नाही!"

मग नाव काय द्यायचं? बाई एक सुचवत, साहेब त्यात खोट काढत. ऐकून ऐकून गिंझोंचं डोकं उठलं. "टोफूच्या चौकोनाला याक्को म्हणतात, शेंबडं पोरही सांगेल! पांढरा काय नि काळा काय, याक्को तो याक्को. नाव शोधत बसलेत!"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "काळा याक्को! अहो, जन्मात एकदा कामाचं बोललात. साहेब, याक्कोवर आहे का काही नियम?"

साहेबांनी डोकं खाजवलं. "नाही बुवा. फक्त मागे 'सोयाबीन आहे' असं ठळक लिहा, ॲलर्जीवाल्यांसाठी."

"टोफूवालीने सोयाबीन आहे म्हणून लिहायचं? मग पाण्यावरही लिहा, ओलं आहे म्हणून!"

पण लिहिलं. जुन्या चिठ्ठ्या खरवडून खरवडून बाईंची नखं दुखून आली.

एवढं करून मेळ्याचा पहिला दिवस कोरडा गेला. चूक बाईंची होती. व्हॅलेंटाइनला ऑफिसातल्या पोरी साहेबांना, सोबत्यांना रीत म्हणून चॉकलेटं वाटतात, तसल्या छोट्या डब्यांची त्यांनी रास लावली होती. आणि ती रीत तर मरायला टेकलेली! ऑफिसांनी वाटावाटी बंद केलेली, पोरींनीही सुटलो बाई म्हणून श्वास टाकलेला. आता पोरी स्वतःसाठी घेतात, तेही महागडं, परदेशी नावाचं. समोरच्या फ्रेंच नावाच्या दुकानापुढे रांग आणि बाईंच्या पुढ्यात चिटपाखरू नाही. घरी आल्यावर गिंझो एवढंच म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" बाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून सासऱ्यांची पितळी पिपाणी काढली. सायकलवरून टोफू विकताना म्हातारा ती वाजवत गल्लोगल्ली फिरायचा, की बायका भांडी घेऊन टोफू घ्यायला बाहेर यायच्या. त्या गुळगुळीत, मंद दिव्यांच्या तळघरात बाईंनी छातीभर हवा घेऊन ती फुंकली. टोऽऽ फूऽऽ!

निरासावा धावत आले. "मालकीणबाई! इथे ओरडून माल विकायला बंदी आहे!"

"मी कुठे ओरडले? तुमच्या नियमात पिपाणी लिहिलीय?"

साहेबांनी मनातल्या मनात सगळे नियम चाळले. "लिहिलेली... नाही."

"मग झालं तर!"

तेवढ्यात एक आजी गर्दीतून कोपर मारत पुढे आल्या. "टोफूवाली कुठंय गं? अगंबाई, मी भांडं नाही आणलं!"

हशा पिकला. बाईंनी काडीला टोचून एक तुकडा पुढे केला. आजींनी डोळे मिटून खाल्ला. "क्रीमबीम नाही ना यात? मला सोसत नाही."

"थेंब नाही. म्हणून तर या साहेबांनी माझं नाव काढून घेतलं!"

"बरं झालं. चार डबे दे. एक आमच्या ह्यांच्या तसबिरीपुढे ठेवते. होते तोवर एकदाही दिलं नाही मी चॉकलेट. दुकानात शिरायचीच लाज वाटायची."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. डबे बांधताना त्यांनी एक डबा वर घातला.

आजींनी गावभर केलं. मग काय विचारता! ज्यांच्यासाठी त्या झगमगाटात कुणी काही मांडलंच नव्हतं, ते सगळे म्हातारे-म्हाताऱ्या उतरले, नाती आज्यांना हाताला धरून घेऊन आल्या. निरासावांनी स्वतः पाटी लिहून आणली, 'यात क्रीम नाही'. "हे शब्द नियमात बसतात," ते म्हणाले, आणि लाजले.

शेवटच्या दिवशी दुपारीच माल संपत आला. बाईंनी घरी फोन केला. गिंझो कापडात बांधलेलं वड्यांचं ताट घेऊन तळघरात उतरले, तर रांग जिन्यापर्यंत. फ्रेंच दुकानाची असेल असं समजून ते कडेने पुढे निघाले.

"ओ, मागून या!" एक म्हातारा खेकसला. "आम्ही काय हवा खायला उभे आहोत?"

"कसली रांग आहे ही?"

"टोफूवालीची! आमच्या गावची आहे, म्हटलं!"

'माझीच बायको' असं गिंझोंच्या अगदी ओठांवर आलं होतं. गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, पावलापावलाने सरकत पुढे आले.

"किती देऊ?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"अगं, मी."

बाईंनी वर बघितलं. गिंझोंनी ताट छातीशी धरलं होतं. "त्या यंत्रवाल्याला... येऊ नकोस म्हणून फोन करून येतो."

"तो मग करा! आधी ताट इकडे द्या. लोक ताटकळलेत."